काळ्या खिडकीशी मैत्री
युनिक्स मशीनवर एडिटर आणि टर्मिनल बसवताना

“अगं, फाइल सेव्ह होत नाहीये. सगळं हँग झालंय!”

गेल्या सेमिस्टरला सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी युनिक्स लॅबमध्ये माझ्या रूममेटने ही आरोळी ठोकली. तिने विम उघडून दोनेकशे ओळींचा प्रोग्रॅम लिहिला होता आणि सवयीने कंट्रोल-एस दाबलं होतं. त्यानंतर कुठलंही बटण दाबलं तरी स्क्रीन ढिम्म. मी शेजारीच बसले होते. मोठ्या तज्ज्ञाच्या थाटात मी सांगितलं, “खिडकी बंद कर आणि परत उघड.” तिने केली. परत उघडली, तर फाइल रिकामी. ती रडायची बाकी होती आणि लॅब बंद व्हायला फक्त अर्धा तास होता.

नंतर कळलं की आम्ही दोघी दोन ठिकाणी चुकलो होतो. मशीन हँग झालंच नव्हतं आणि फाइल गेलीच नव्हती. ती कशी परत मिळाली ते शेवटी सांगते. पण त्या दिवसापासून मी ठरवलं, की ज्या काळ्या खिडकीत आपण चार वर्षं काढतो ती नक्की काय आहे आणि तिच्यात आपल्या सोयीची हत्यारं कशी बसवायची, हे एकदा नीट शिकायचं. त्याचाच हा लेख.

आधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी म्हणजे आठवड्याला चार तास आणि परीक्षेपुरते निबंध. त्यामुळे शुद्धलेखनातज्ज्ञांनी जरा सांभाळून घ्यावं! दुसरं म्हणजे, मराठी विभागाची पानं संपूर्ण देवनागरीत असतात, म्हणून कमांडसुद्धा मी देवनागरीतच लिहिल्या आहेत. लॅबमध्ये आपण एकमेकींना ओरडून सांगतो ना, “डॉट स्लॅश कॉन्फिगर मार!” अगदी तशा. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.

टर्मिनल म्हणजे नक्की काय?

पूर्वी टर्मिनल ही खरीखुरी वस्तू होती. एक पडदा, एक कीबोर्ड आणि मागे एक केबल. स्वतःची बुद्धी जवळजवळ शून्य. तुम्ही दाबलेलं अक्षर केबलमधून मोठ्या कॉम्प्युटरकडे जायचं आणि तिकडून आलेलं अक्षर पडद्यावर उमटायचं. डेक कंपनीने १९७८ मध्ये व्हीटी-१०० नावाचं टर्मिनल काढलं. त्याच्या पडद्यावर २४ ओळी आणि ८० रकाने. कर्सर कुठे न्यायचा, पडदा कसा पुसायचा, ठळक अक्षरं कशी दाखवायची, यासाठी एस्केपपासून सुरू होणारे सांकेतिक हुकूम त्यात होते.

ही पेटी आता संग्रहालयात गेली, पण तिची भाषा उरली. आज आपण जी काळी खिडकी उघडतो तो एक प्रोग्रॅम आहे. तो आपण व्हीटी-१०० चे वंशज असल्याचं सोंग आणतो, म्हणून त्याला टर्मिनल एम्युलेटर म्हणायचं. एक्स-टर्म हा त्यातला जुना भिडू १९८४ चा, आणि अजूनही चालू आहे.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. खिडकी म्हणजे शेल नाही. खिडकी फक्त अक्षरं दाखवते आणि आपली बटणं पुढे पाठवते. आत बसून कमांड समजून घेतो तो शेल, म्हणजे बॅश वगैरे. आणि शेलने चालू करून दिलेला तिसराच प्रोग्रॅम म्हणजे एडिटर. काही बिघडलं की आधी विचारा, बिघाड तिघांपैकी कुणाचा? हा एक प्रश्न विचारायची सवय लागली की निम्मी डोकेदुखी जाते.

आपल्या मुंबईतही या सोंगाचा मोठा काळ होऊन गेला. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा शेल अकाउंट नावाचा प्रकार होता. घरच्या पीसीवर टर्मिनल एम्युलेटर चालवायचा, मोडेमने डायल करायचं आणि व्हीएसएनएलच्या युनिक्स मशीनवर लॉगिन करायचं. चित्रं नाहीत, माऊस नाही, सगळं अक्षरांत. घरातला पीसी तेवढ्या वेळापुरता बिनडोक टर्मिनल व्हायचा. आपण आज हॉस्टेलवरून एसएसएच करून लॅबच्या सर्व्हरवर जातो, ते तत्त्वतः हेच आहे. फक्त मोडेमची ती किंचाळी नाही.

एडिटर: तीन घराणी

एडिटरच्या बाबतीत युनिक्सवाल्यांत घराणी आहेत, गाण्यासारखीच.

पहिलं घराणं व्ही-आय. बर्कली विद्यापीठात शिकत असताना बिल जॉयने १९७६ च्या सुमारास तो लिहिला. पुढे १९८२ मध्ये युनिक्स वर्कस्टेशन बनवणारी सन मायक्रोसिस्टिम्स कंपनी उभी करणाऱ्यांत तोही होता. (सन आता नाही, २०१० मध्ये ओरॅकलने ती घेतली.) व्ही-आयमध्ये एच, जे, के, एल या बटणांनी कर्सर का हलतो? कारण जॉयच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण त्याच चार बटणांवर छापलेले होते. आणि त्या कीबोर्डवर एस्केपचं बटण आज जिथे टॅब असतं तिथे, म्हणजे करंगळीच्या टप्प्यात होतं. म्हणून तो एडिटर ऊठसूट एस्केप मागतो. हे कळल्यावर मला त्याचा राग येणं बंद झालं. आपण आजकाल जो वापरतो तो विम, म्हणजे व्ही-आयची सुधारलेली आवृत्ती. ब्राम मूलेनार या डच प्रोग्रॅमरने ती १९९१ मध्ये बाहेर आणली आणि २०२३ मध्ये वारेपर्यंत सांभाळली.

दुसरं घराणं ईमॅक्स. मूळ १९७६ चं, एमआयटीमधलं. याला एडिटर म्हणावं की संसार, असा प्रश्न पडतो. त्यात मेल वाचता येते, कॅलेंडर ठेवता येतं, आणि मराठी टाइप करायची सोयसुद्धा आहे. त्याबद्दल पुढे.

तिसरं नॅनो. घराणं वगैरे काही नाही, साधा माणूस. खाली दोन ओळींत काय दाबायचं ते लिहिलेलंच असतं. फर्स्ट इयरवाल्यांनी बिनधास्त यापासून सुरुवात करावी. कुणी हसलं तर हसू द्यावं.

आधी बघा, मग बसवा

उत्साहाच्या भरात डाउनलोड सुरू करण्याआधी पाच मिनिटं मशीनची चौकशी करा. ‘युनेम डॅश ए’ मारलं की कर्नल आणि प्रोसेसरचा प्रकार कळतो. ‘विच विम’ मारलं की विम आधीच आहे का आणि कुठे आहे ते कळतं. ‘विम डॅश डॅश व्हर्जन’ मारलं की आवृत्ती आणि त्यात काय काय सोयी भरल्या आहेत त्यांची यादी येते. ‘कोटा’ किंवा ‘डीयू’ने आपल्या होम डिरेक्टरीने जागा किती वापरली आहे ते बघा. कोटा भरलेला असताना फाइल सेव्ह करायला जाणं म्हणजे भरलेल्या लोकलमध्ये पनवेलहून आलेल्या गाडीत नेरुळला चढण्यासारखं आहे.

आमच्या लॅबच्या मशीनवर लिनक्स आहे, पण काकांपासून एचओडींपर्यंत सगळे तिला युनिक्स लॅबच म्हणतात. डेबियन किंवा उबुंटूच्या मशीनवर पुष्कळदा विमची सर्वांत छोटी आवृत्ती आधीपासून असते. ती ओळखायची खूण सोपी आहे. लिहिता लिहिता बाणाचं बटण दाबलं की कर्सर हलायच्या ऐवजी ए, बी, सी, डी अशी अक्षरं उमटतात. भूतबाधा नाही. बाणाचं बटण टर्मिनलकडून ‘एस्केप, कंस, ए’ अशी तीन अक्षरं पाठवतं. जुन्या व्ही-आयच्या चालीवर चालणारा एडिटर त्यातल्या एस्केपला ‘लिहिणं थांबव’ असं समजतो आणि पुढची अक्षरं कमांड म्हणून खातो. पूर्ण विम बसवलं की हा त्रास जातो. तोवर सेटिंग्जच्या फाइलमध्ये ‘सेट नोकॉम्पॅटिबल’ लिहिलं तरी चालतं.

रूट असेल तर

स्वतःच्या लॅपटॉपवर तुम्हीच राजे. उबुंटूवर ‘सुडो एपीटी अपडेट’ आणि मग ‘सुडो एपीटी इन्स्टॉल विम’. फेडोरा किंवा रॉकीवर ‘सुडो डीएनएफ इन्स्टॉल विम-एन्हान्स्ड’. टर्मिनल हवं असेल तर त्याच कमांडमध्ये त्याचं नाव. पॅकेज मॅनेजर लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी स्वतः ओढून आणतो आणि पुढचे सुरक्षेचे अपडेटही करतो. हा रस्ता उपलब्ध असेल तर दुसरा धरू नका.

रूट नसेल तर

लॅबमध्ये मात्र आपण भाडेकरू. भिंतीत खिळा ठोकायचा तर मालकाची परवानगी हवी. पण स्वतःच्या खोलीत कपाट ठेवायला कुणाची ना नाही. ती खोली म्हणजे आपली होम डिरेक्टरी. (तरीही काकांना एकदा विचारून घ्या. बहुतेक वेळा ते ‘हो’ म्हणतात आणि कधी कधी ते पॅकेज सगळ्यांसाठीच बसवून टाकतात.)

सोर्सपासून बसवायच्या पायऱ्या अशा:

१. सोर्सचं टारबॉल मूळ ठिकाणाहूनच घ्या. कुणाच्या पेनड्राइव्हवरून नको. सोबत चेकसम दिलेला असेल तर ‘शा-२५६-सम’ कमांडने ताडून बघा.

२. ‘टार एक्सएफ’ने उघडा आणि त्या डिरेक्टरीत जा.

३. ‘डॉट स्लॅश कॉन्फिगर’ मारताना पुढे ‘डॅश डॅश प्रिफिक्स बरोबर डॉलर होम स्लॅश डॉट लोकल’ हे जोडायला विसरू नका. नाही जोडलं तर सगळं ‘स्लॅश यूएसआर स्लॅश लोकल’मध्ये जायचा प्रयत्न करतं आणि शेवटच्या पायरीवर ‘परमिशन डिनाइड’ येतं.

४. ‘मेक’, आणि ते नीट पार पडलं की ‘मेक इन्स्टॉल’.

कॉन्फिगर हा भाग म्हणजे घर बघायला आलेला सुतार. मशीनवर सी कंपायलर आहे का, कुठली लायब्ररी आहे, कुठली नाही, सगळं ठोकून बघतो आणि मग मेकफाइल लिहून देतो. विम बसवताना त्याची गाडी हमखास एका ठिकाणी अडते: एन-कर्सेस. पडद्यावर कुठे काय काढायचं हे वेगवेगळ्या टर्मिनलच्या भाषेत बोलून दाखवणारी ही लायब्ररी. मशीनवर ती असते, पण कंपाइल करायला लागणाऱ्या तिच्या हेडर फाइल बहुधा नसतात. रूट नसेल तर एन-कर्सेस आधी याच चार पायऱ्यांनी आपल्या होममध्ये बसवायची. मग विमच्या कॉन्फिगरला ‘सीपीपी-फ्लॅग्ज’मध्ये डॅश आय लावून हेडरची जागा आणि ‘एलडी-फ्लॅग्ज’मध्ये डॅश एल लावून लायब्ररीची जागा सांगायची. क्रम उलटा केला तर चालत नाही. पाया आधी, भिंत नंतर.

सगळं झालं की सोर्सची डिरेक्टरी पुसून टाका. तिची गरज संपली आणि कोटा तिनेच खाल्लेला असतो.

पाथची गोष्ट, किंवा मी माझं खातं कसं बंद पाडलं

आता माझी फजिती. विम बसलं, पण ‘विम’ मारलं की जुनंच उघडायचं. कारण शेल प्रोग्रॅम शोधतो ते पाथ नावाच्या यादीत, डावीकडून उजवीकडे, जिथे पहिला सापडेल तिथे थांबतो. आपली नवी बिन डिरेक्टरी त्या यादीत सगळ्यात पुढे हवी. म्हणून डॉट प्रोफाइल या फाइलमध्ये लिहायचं असतं, ‘एक्स्पोर्ट पाथ बरोबर डॉलर होम स्लॅश डॉट लोकल स्लॅश बिन, कोलन, डॉलर पाथ’.

मी शेवटचे दोन शब्द विसरले. कोलन, डॉलर पाथ. म्हणजे यादीच्या पुढे भर घालायच्या ऐवजी मी अख्खी जुनी यादीच पुसली. आणि लॉग-आउट केलं.

परत लॉगिन केलं तर पासवर्ड घेतला, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि पुन्हा लॉगिनचंच पान. पाच वेळा तेच. डेस्कटॉप चालू करायला लागणारे प्रोग्रॅमच सापडत नव्हते, त्यामुळे तो सुरू होता होता मरत होता. दुसऱ्या दिवशी मिनी प्रोजेक्टचा व्हायवा. कोड त्याच खात्यात.

लॅबच्या काकांनी शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाले, “कंट्रोल-आल्ट-एफ-३ दाब.” साधी काळी स्क्रीन आली. तिथे लॉगिन झालं. ‘एलएस’ मारलं, सापडत नाही. ‘विम’ मारलं, माझं नवंकोरं विम उघडलं खरं, पण मी घाबरून लगेच बाहेर पडले. ‘कॅट’, सापडत नाही. काका म्हणाले, “सीडी चालतंय का?” चालत होतं! “मग शेल जिवंत आहे. सीडी, इको, एक्स्पोर्ट हे शेलच्या पोटातच असतात, ते शोधायला बाहेर जावं लागत नाही. एक्स्पोर्टने पाथ परत दे.” मी ‘एक्स्पोर्ट पाथ बरोबर स्लॅश यूएसआर स्लॅश बिन, कोलन, स्लॅश बिन’ असं टाइप केलं आणि एलएसने माझ्या सगळ्या फाइल दाखवल्या. इतका आनंद मला बारावीच्या रिझल्टलाही झाला नव्हता. मग डॉट प्रोफाइल उघडून दोन शब्द जोडले. ते सुद्धा जुन्या व्ही-आयमध्ये, ज्याला मी दोन दिवस नावं ठेवत होते.

यातून शिकलेले दोन नियम. एक, अशी फाइल बदलण्याआधी तिची कॉपी ठेवा. दोन, बदल केल्यावर पहिली खिडकी उघडीच ठेवून दुसरीकडे नवीन लॉगिन करून बघा. ते चाललं तरच पहिली बंद करा. पुलावरून पलीकडे पोचल्याशिवाय अलीकडचा दोर सोडायचा नाही.

आणखी एक छोटा इशारा. सीनियरची विमची सेटिंग्ज फाइल जशीच्या तशी उचलू नका. त्यात ‘एक्सपँड-टॅब’ असलं तर टॅबच्या जागी स्पेस पडतात. सी प्रोग्रॅमला ते चालतं, पण मेकफाइलला खरा टॅबच लागतो. मग ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून ओरड होते आणि डोळ्यांना चूक दिसतच नाही. ‘फाइलटाइप प्लगिन ऑन’ लिहिलं की मेकफाइलपुरतं विम स्वतःच टॅब राखतं.

टर्मिनल बदलायचं असेल तर

नवं टर्मिनल रूटशिवाय बसवणं एडिटरपेक्षा कटकटीचं आहे. त्याला खिडकी काढायच्या, फाँटच्या आणि ग्राफिक्सच्या लायब्ररी लागतात. म्हणून लॅबमध्ये आहे तेच नीट लावून घ्यावं आणि प्रयोग स्वतःच्या लॅपटॉपवर करावेत. विंडोजवाल्यांसाठी विंडोज टर्मिनल आहे, किंवा सायमन टॅथमचं पुट्टी. पुट्टीत कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ आहे ना, तेवढं बघून घ्या.

प्रत्येक एम्युलेटर आपलं नाव ‘टर्म’ या व्हेरिएबलमध्ये सांगतो. ते नाव टर्म-इन्फो नावाच्या कोशात शोधून एडिटर ठरवतो, की याच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं. लॅपटॉपवर किटीसारखं नवं टर्मिनल घेतलं आणि तिथून कॉलेजच्या जुन्या सर्व्हरवर गेलं की ‘अननोन टर्मिनल टाइप’ येतं, कारण तिकडच्या कोशात हे नावच नाही. तात्पुरता उपाय, तिथे ‘टर्म’ला ‘एक्स-टर्म २५६ कलर’ असं सांगणं. पक्का उपाय, ‘इन्फो-कंप’ने आपल्याकडची नोंद काढून तिकडे ‘टिक’ कमांडने होम डिरेक्टरीतच बसवणं. पण ‘टर्म’चं नाव डॉट प्रोफाइलमध्ये कायमचं लिहून ठेवू नका. उद्या दुसऱ्या टर्मिनलमधून आलात तर ते खोटं ठरेल आणि पडद्यावर कचरा दिसेल.

मराठी का तुटते?

हा लेख मी लॅबमध्येच लिहायला घेतला आणि खरी गंमत तिथे झाली. एडिटरमध्ये ‘विद्यार्थी’ लिहिलं की अक्षरं सुटी व्हायची, कर्सर एकीकडे आणि अक्षर भलतीकडे. रूममेट म्हणाली, “मी दहावीपर्यंत सगळं मराठीतून शिकले, आणि या मशीनला माझं नावसुद्धा लिहिता येत नाही.” हसत म्हणाली, पण मला ते लागलं. म्हणून कारण शोधलं.

टर्मिनलचा पडदा म्हणजे चौकटीची वही, एका घरात एक अक्षर. इंग्रजीला ते जमतं. देवनागरीत मात्र ‘मराठी’ हा शब्द कॉम्प्युटरसाठी पाच चिन्हं आहे: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे पंधरा बाइट. ‘इको मराठी’ करून ते ‘डब्ल्यूसी डॅश सी’ला पाइप करून बघा, सोळा येतील. सोळावा बाइट ओळ संपल्याचा. आता या पाच चिन्हांना घरं किती द्यायची? काना-वेलांटीला एक घर की शून्य? ‘क्ष’ तर तीन चिन्हांचा, क, हलन्त आणि ष, पण दिसतो एकच. एडिटर एक हिशेब करतो, टर्मिनल दुसरा, आणि कर्सर मध्येच लटकतो. दोष आपल्या लिपीचा नाही. १९७८ च्या पेटीचं सोंग घेताना तिची चौकटीची वहीही सोबत आली, त्याचा हा परिणाम.

यूटीएफ-८ ची जन्मकथा मात्र छान आहे. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत युनिक्सच्या केन थॉम्प्सनने रॉब पाइकसमोर ताटाखालच्या कागदावर तिची रचना मांडली. आपल्या मेसमध्येही कधी काही असं घडावं!

आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट शेजारीच आहे. एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, ही मुंबईची संस्था. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात आयआयटींच्या बरोबरीने ती होती. २००३ च्या सुमारास ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. सी-डॅकचं केंद्र खारघर स्टेशनसमोर रेनट्री मार्गावर आहे, आपण रिक्षातून रोज तिकडून जातो. याच एनसीएसटीने लिनक्ससाठी इंडिक्स नावाचा प्रकल्प केला होता. कल्पना अशी, की प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळी देवनागरी शिकवण्याऐवजी खाली पडदा रंगवणाऱ्या एक्स विंडो सिस्टिमलाच जोडाक्षरं जुळवायला शिकवायची. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी याच संस्थेत काम करत होते. विंडोजमधला मंगल फाँट त्यांच्याच हातचा, आणि मुक्तपणे वाटलेला रघू फाँटही. २००८ मध्ये ते गेले. मी मंगल फाँट दहा वर्षं वापरला असेन, पण तो कुणी काढला हे कधी विचारलंच नव्हतं.

आज काम चालवायचं कसं? फाँट बसवायला रूट लागत नाही. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहितची फाइल होममधल्या ‘डॉट लोकल, शेअर, फाँट्स’ या डिरेक्टरीत ठेवा आणि ‘एफसी-कॅश’ मारा. टर्मिनलमध्ये एक्स-टर्मला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. एमएल-टर्म आणि केडीईचं कॉन्सोल त्यापेक्षा पुष्कळ बरं दाखवतात. पण लांब मराठी मजकूर लिहायचा असेल तर चौकटीच्या वहीबाहेर या. ईमॅक्स त्याच्या स्वतंत्र खिडकीत उघडा. २०२० मधल्या २७ व्या आवृत्तीपासून तो हार्फबझ ही लायब्ररी वापरतो आणि जोडाक्षरं नीट जुळतात. कंट्रोल-बॅकस्लॅश दाबून ‘देवनागरी-इनस्क्रिप्ट’ निवडा आणि लिहायला लागा. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ वेगळे दिसले की समजा, सगळं जमलं. हा लेख तसाच पूर्ण केला. रूममेटचं नावही नीट उमटलं. तिने त्याचा फोटो काढून घरी पाठवला.

फाइल कुठे गेली होती?

आता पहिल्या गोष्टीकडे. कंट्रोल-एस हा टेलिप्रिंटरच्या काळापासूनचा इशारा आहे, “थांब, पाठवू नकोस.” कंट्रोल-क्यू म्हणजे “चालू दे.” टर्मिनल आज्ञाधारकपणे थांबलं होतं, इतकंच. साध्या शेलमध्ये आणि विमच्या जुन्या आवृत्त्यांत हे अजून होतं. कंट्रोल-क्यू दाबलं असतं तर सगळं जागं झालं असतं.

आणि आम्ही खिडकी बंद केली तरी विमने आपलं काम केलं होतं. आपण लिहीत असताना ते शेजारी डॉट-एसडब्ल्यूपी नावाची लपलेली फाइल ठेवतं. दर दोनशे अक्षरांनंतर, किंवा आपण चार सेकंद थांबलो की, मजकूर तिच्यात उतरतो. ‘एलएस डॅश ए’ मारलं की ती दिसते. ‘विम डॅश आर’ आणि फाइलचं नाव मारलं की मजकूर परत येतो. त्या रात्री काकांनी लॅब वीस मिनिटं जास्त उघडी ठेवली आणि तिच्या सगळ्याच्या सगळ्या ओळी परत आल्या.

हॉस्टेलवरून काम करणाऱ्यांसाठी याचीच मोठी बहीण म्हणजे टी-मक्स. सर्व्हरवर गेल्यावर आधी ‘टी-मक्स’ मारा, मग काम सुरू करा. वायफाय गेलं, लाइट गेली, लॅपटॉप झोपला, तरी तिकडे तुमचं काम चालूच राहतं. परत लॉगिन करून ‘टी-मक्स अटॅच’ मारलं की जिथे होतात तिथेच. पावसाळ्यात खारघरच्या हॉस्टेलवर राहणाऱ्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

तर मंडळी, काळी खिडकी वाटते तितकी खडूस नाही. ती फक्त जुन्या वळणाची आहे. विचारल्याशिवाय बोलत नाही आणि सांगितलेलं शब्दशः करते. आणि हो, विममधून बाहेर पडायचं कसं, हे विचारायला आता लॅबभर फिरू नका. एस्केप, कोलन, डब्ल्यू, क्यू, एंटर.

भेटूया लॅबमध्ये!